ज्येष्ठांची क्रूझ: प्रवास विमा आणि विमानाची तिकिटं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठांच्या क्रूझची तिकिटं आणि विम्याची कागदपत्रं लावून देणं हे माझं रोजचं काम. बहुतेक घरांत आधी केबिन ठरते, मग स्वस्त दिसेल तेव्हा विमानाची तिकिटं निघतात आणि विमा निघायच्या आठवड्यात कुणीतरी फोनवरून काढून टाकतं. अडचणी मात्र बोटीवर मजेत बसलेलं असताना फारशा येत नाहीत. त्या येतात विमानतळावरून बंदरावर जाताना, जहाजावरून दवाखान्यात जाताना, एका विमानातून दुसऱ्या विमानात बदलताना. म्हणून विमा आणि विमान या दोन गोष्टी मी एकत्रच बघते. खालचे प्रश्न मला वरचेवर विचारले जातात.

आमच्याकडे परदेश प्रवासाचा साधा विमा आहे. क्रूझसाठी वेगळा लागतो का?

पॉलिसीत ‘क्रूझ’ हा शब्द शोधा. काही पॉलिसींत क्रूझ धरलेलीच असते, काहींत ती जास्तीचा प्रीमियम भरून जोडावी लागते आणि काहींत ती स्पष्ट वगळलेली असते. नुसतं ‘जगभर लागू’ लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका.

क्रूझसाठी पाच गोष्टी मी मुद्दाम तपासते. जहाजावरच्या दवाखान्याचा खर्च, समुद्रातून किंवा बंदरातून रुग्णाला हलवण्याचा खर्च, विमान उशिरा आल्यामुळे जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास, आजारपणामुळे केबिनमध्येच थांबायला सांगितलं तर मिळणारी भरपाई आणि रद्द झालेली बंदरं. पहिल्या तीन नसतील तर ती पॉलिसी ज्येष्ठांसाठी घेऊ नये. शेवटच्या दोन असल्या तर चांगलंच, नसल्या तरी चालतं.

सरकारी आरोग्य योजनेवर भरवसा ठेवणाऱ्यांनी जरा थांबावं. बरीच क्रूझ जहाजं बहामाज, पनामा किंवा माल्टा या देशांत नोंदवलेली असतात आणि जहाजावरचा दवाखाना खासगी असतो. डॉक्टरांचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरण्याआधी ते भरावं लागतं. अमेरिकेतली ज्येष्ठांची मेडिकेअर योजना जहाजावरच्या उपचाराचे पैसे देते, पण जहाज अमेरिकी बंदरात असेल किंवा तिथून सहा तासांच्या आत असेल तरच. त्यापलीकडे समुद्रात ती लागू होत नाही. युरोपात चालणारी सरकारी आरोग्य कार्डं रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च देत नाहीत.

जहाजावर डॉक्टर असतात. मग रुग्णाला हलवण्याच्या विम्याची एवढी गरज काय?

मोठ्या जहाजावर डॉक्टर, नर्स, ईसीजी, रक्ताच्या प्राथमिक तपासण्या, बऱ्याचदा एक्स-रे आणि अतिदक्षतेचे एक-दोन बेड असतात. हार्ट अ‍ॅटॅक आला तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. अँजिओप्लास्टी करता येत नाही, खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन होत नाही, रक्तपेढी नसते. जहाजावरचे डॉक्टर रुग्णाला स्थिर करतात आणि पुढे पाठवतात. त्यांचं काम तेवढंच आहे आणि ते ते उत्तम करतात.

पुढे पाठवायचं म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न. लोकांच्या डोळ्यांसमोर हेलिकॉप्टर येतं, पण हेलिकॉप्टरला इंधनाची मर्यादा असते आणि भर महासागरात ते पोहोचतच नाही. बऱ्याच वेळा जहाज वेग वाढवतं किंवा वाट वाकडी करतं आणि रुग्णाला जवळच्या बंदरात उतरवतात. ते बंदर एखाद्या छोट्या बेटाचं असतं. तिथल्या दवाखान्यात हवा तो तज्ज्ञ नसला तर तिथून मोठ्या शहरात, आणि शेवटी घरी. हा शेवटचा टप्पा स्ट्रेचरवर, सोबत नर्स घेऊन किंवा एअर अँब्युलन्सने करावा लागतो. सगळ्यात जास्त पैसा इथे जातो.

एक प्रसंग मी अजून विसरले नाही. आमच्या ओळखीतलं एक जोडपं, दोघंही सत्तरीच्या पुढचे. काकांना पहाटे छातीत दुखायला लागलं. सकाळी जहाज बंदराला लागलं आणि काकूंना सांगण्यात आलं की चाळीस मिनिटांत सामान भरा, अँब्युलन्स खाली उभी आहे. दोन आठवड्यांचं सामान त्यांनी थरथरत्या हातांनी कोंबलं. तिजोरीतली पासपोर्टची पिशवी आठवणीने घेतली. काकांचं झोपेत श्वासासाठी लावायचं सीपॅप यंत्र मात्र पलंगामागच्या प्लगलाच राहिलं. जहाज संध्याकाळी निघून गेलं. अनोळखी गावात भाषा येत नसताना त्या नऊ दिवस एकट्या होत्या. काकांचा उपचार विम्यात बसला, पण काकूंच्या हॉटेलचा आणि बदललेल्या परतीच्या तिकिटाचा खर्च बसला नाही, कारण ‘सोबत्याचा राहण्याचा खर्च’ हे कलम त्या पॉलिसीत नव्हतं. तेव्हापासून मी ते कलम आधी शोधते.

विमा किती रकमेचा घ्यावा?

एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही, पण रक्कम बघण्याची पद्धत सांगते.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. कित्येक जण नेमक्या तेवढ्याचाच विमा घेतात. ती रक्कम व्हिसाची अट पूर्ण करण्यासाठी आहे. महासागर ओलांडून एअर अँब्युलन्सने परत यायचं झालं तर ती पुरेल असं मानू नका.

वैद्यकीय उपचार आणि रुग्णाला हलवणं यांची रक्कम एकत्र आहे की वेगवेगळी, ते बघा. एकत्र असेल तर दवाखान्याचं बिल वाढत जातं तसे घरी आणायला उरलेले पैसे कमी होतात. ‘जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंत’ हलवण्याचाच खर्च आहे की घरापर्यंतचा, हेही वाचा. आणि वयाचा तक्ता नीट बघा. पहिल्या पानावर ठळक अक्षरात मोठी रक्कम असते आणि आत कुठेतरी ‘७० वर्षांवरील व्यक्तींसाठी’ म्हणून एक ओळ असते, ज्यात ती रक्कम बरीच कमी झालेली असते. ती ओळ सापडल्याशिवाय पैसे भरू नका.

बीपी आणि शुगर दोन्ही आहे, पण गोळ्यांनी आटोक्यात आहे. फॉर्मवर लिहावं का? लिहिलं तर प्रीमियम वाढतो.

लिहा. बीपी, शुगर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, जुना स्टेंट, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं लिहा. प्रीमियम वाढेल हे खरं आहे. पण शुगर लपवून घेतलेल्या पॉलिसीवर हार्ट अ‍ॅटॅकचा क्लेम आला की कंपनी जुने कागद मागवते आणि दवाखान्याच्या पहिल्याच पानावर ‘मधुमेह, १५ वर्षांपासून’ असं तुमच्याच तोंडून सांगितलेलं लिहिलेलं असतं. तिथे वाद घालायला जागाच उरत नाही.

‘आटोक्यात’ या शब्दाचा घरातला अर्थ आणि पॉलिसीतला अर्थ वेगळा असतो. विमा कंपन्या मागे वळून ठरावीक काळ बघतात. कुठे ६० दिवस, कुठे १८० दिवस, कुठे वर्ष-दोन वर्षं. त्या काळात नवीन लक्षण, नवीन तपासणी, दवाखान्यात भरती किंवा औषधात बदल झाला असेल तर तो आजार ‘स्थिर’ धरला जात नाही. आणि बदल म्हणजे फक्त डोस वाढणं असं नाही. काही पॉलिसींत डोस कमी झाला तरी तो बदलच. डॉक्टर कौतुकाने म्हणतात, ‘छान, अर्धी गोळी केली तरी चालेल,’ आणि ती अर्धी गोळीच क्लेमच्या आड येते. म्हणून प्रवास ठरलेला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. तब्येतीसाठी बदल गरजेचा असेल तर तो करायचाच, पण मग विमा कंपनीला कळवायचं.

आणखी दोन गोष्टी सांगते. तपासणी झाली आहे आणि रिपोर्ट यायचा आहे, अशा अवस्थेत घेतलेला विमा त्या आजारापुरता बहुधा निरुपयोगी ठरतो. आणि पॉलिसी घेतल्यानंतर, पण निघण्याआधी काही नवीन निघालं, तर तेही कळवावं लागतं. ‘पॉलिसी काढली तेव्हा नव्हतं’ हे उत्तर सगळीकडे चालत नाही.

फॉर्म भरायला बसण्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडून एक पानाचा सारांश घ्या. आजार, कधीपासून, औषधाचं मूळ नाव, डोस, शेवटचा बदल कधी झाला. आईबाबांचा फॉर्म मुलं परस्पर भरतात तेव्हा चुका इथेच होतात. मुलाला बीपी माहीत असतं, पण गेल्या वर्षी चक्कर आली म्हणून केलेला डोक्याचा स्कॅन माहीत नसतो. आई तो सांगायला विसरलेली असते किंवा मुलाला काळजी नको म्हणून तिने तो सांगितलेलाच नसतो. फॉर्म त्यांच्या शेजारी बसून, मोठ्याने वाचून भरा.

आजोबा ८२ वर्षांचे आहेत. विमा मिळेल का?

मिळतो, पण शोधावा लागतो. कुठे ७०, कुठे ७५, कुठे ८० च्या पुढे पॉलिसी देत नाहीत. ज्येष्ठांसाठी वेगळ्या पॉलिसी असतात. त्यांत वैद्यकीय तपासणी लागू शकते आणि सुरुवातीचा काही खर्च स्वतः सोसावा लागतो. वय कुठल्या तारखेला मोजतात तेही विचारा, पॉलिसी घेण्याच्या की निघण्याच्या. वाढदिवस मध्ये येत असेल तर फरक पडतो.

विमा कधी काढावा? निघायच्या आठवड्यात काढला तर चालेल का?

क्रूझचे पहिले पैसे भरले त्याच आठवड्यात काढा.

क्रूझ रद्द करण्याचा दंड पायरीपायरीने वाढतो. सुरुवातीला फक्त आगाऊ रक्कम जाते, तारीख जवळ येते तसा टक्का वाढतो आणि शेवटच्या दिवसांत बहुधा काहीच परत मिळत नाही. वर्षभर आधी बुक केलेली क्रूझ, आणि मधल्या काळात पडून हाड मोडलं किंवा घरात कुणी आजारी पडलं, तर रद्द करण्याचा विमा तेव्हा आधीपासून चालू असायला हवा.

दुसरं कारण असं की जी घटना सगळ्यांना कळून चुकली आहे तिच्यावर नंतर काढलेला विमा लागू होत नाही. वादळाला नाव मिळालं, संप जाहीर झाला, ज्वालामुखीची राख उडायला लागली की त्या कारणापुरती दारं बंद. अमेरिकेत मिळणाऱ्या बऱ्याच पॉलिसींत आणखी एक फायदा असतो. पहिला हप्ता भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत विमा घेतला, प्रवासाचा पूर्ण खर्च त्यात धरला आणि त्या दिवशी प्रवासाला तब्येत योग्य असली, तर आधीच्या आजारांची अट शिथिल होते.

‘कुठल्याही कारणाने रद्द’ अशी जोड काही ठिकाणी मिळते. ती सहसा खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच देते आणि निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं. जोडीदाराची तब्येत नाजूक असेल तर मला ती घेण्यासारखी वाटते.

क्रेडिट कार्डावर विमा आहे, वार्षिक पॉलिसीही आहे. तेवढं पुरे का?

कार्डाच्या विम्याला वयाची मर्यादा असते आणि आधीचे आजार बहुधा त्यात धरत नाहीत. वार्षिक पॉलिसीत एका प्रवासाचे दिवस ठरलेले असतात, अनेकदा ३० किंवा ३१. शंभर दिवसांहून लांब चालणाऱ्या जगप्रदक्षिणेला ती कशी पुरेल?

विमानाची तिकिटं क्रूझ कंपनीकडूनच घ्यावी की स्वतः काढावी?

पहिलीच क्रूझ असेल, वय पंच्याहत्तरीच्या पुढे असेल किंवा विमान बदलावं लागणार असेल, तर मी क्रूझ कंपनीकडून घ्यायला सांगते. विमान लांबलं की त्यांच्या यादीवर तुमचं नाव दिसतं, पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची खटपट ते करतात, विमानतळावर पाटी घेऊन माणूस उभा असतो. जहाज तुमच्यासाठी थांबेलच असं नाही. मोठा गट एकाच विमानात अडकला तर कधी कधी थांबतं, पण ते बंदराच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं. कंपनी नेमकी कशाची हमी देते ते लेखी वाचा, कारण सगळ्यांची हमी सारखी नसते.

तोटेही आहेत. विमानाची वेळ त्यांच्या सोयीची असते, पहाटेचं किंवा दोन ठिकाणी थांबणारं विमान माथी येऊ शकतं, जागा निवडायला उशिरा मिळते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बारा तास मधल्या सीटवर बसवणं ही शिक्षाच आहे.

स्वतः काढायची असतील तर माझी एकच अट असते. सगळा हवाई प्रवास एकाच बुकिंगवर हवा. दोन वेगळ्या तिकिटांवर पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. सामानही मध्ये उतरवून घ्यावं लागतं, पुन्हा रांगेत उभं राहून द्यावं लागतं आणि कधी कधी त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागतो. मधल्या थांब्याला तीन तास ठेवा. विमानतळ म्हणतो दीड तास पुरतो, पण तो हिशोब भरभर चालणाऱ्या माणसाचा असतो. व्हीलचेअरवाल्याला विमानातून सगळ्यांच्या शेवटी उतरवतात.

जहाज संध्याकाळी पाचला सुटतं. त्याच दिवशी सकाळी विमानाने पोहोचलो तर?

नका. एक दिवस आधी पोहोचा. महासागर ओलांडून येत असाल तर दोन दिवस आधी.

पाचला सुटणाऱ्या जहाजाची शिडी पाचला बंद होत नाही. प्रवाशांची अंतिम यादी अधिकाऱ्यांना आधी द्यावी लागते, त्यामुळे चढणं एक ते दीड तास आधी बंद होतं, काही ठिकाणी त्याहून आधी. शिवाय बंदराला दिलेलं शहराचं नाव फसवं असतं. रोमचं बंदर म्हणजे चिव्हितावेकिया, रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर. लंडनची म्हणून विकलेली क्रूझ बऱ्याचदा साउदॅम्प्टनहून निघते आणि हीथ्रोपासून तिथे जायला रस्त्याने दीड-दोन तास सहज लागतात. पॅरिसचं बंदर ल हाव्र, पॅरिसपासून जवळपास २०० किलोमीटर.

सामानाचं तर विचारूच नका. तुम्ही पोहोचलात आणि बॅग राहिली, तर हॉटेलवर ती दुसऱ्या दिवशी येते. जहाज मात्र रोज नव्या बंदरात असतं आणि बॅग त्याच्या मागे मागे फिरत राहते. एक दिवस हाताशी असेल तर हा सगळा मनस्ताप वाचतो, झोपही होते. जहाजावर पहिल्याच दिवशी सुरक्षेचा सराव असतो, तेव्हा पेंगत बसायची वेळ येत नाही.

जहाज चुकल्याची भरपाई देणारा विमा असला तरी कंपनी विचारते, ‘पुरेसा वेळ ठेवून निघाला होता का?’ किती तास म्हणजे पुरेसे, ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. आणि पुढच्या बंदरात जाऊन जहाज गाठणं नेहमीच शक्य नसतं. त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अमेरिकेत तर १८८६ चा एक कायदा आहे. परदेशात नोंदवलेल्या जहाजाला एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये दूरच्या परदेशी बंदराला न लागता, दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवता येत नाही. त्यामुळे ‘दुसऱ्या गावी चढतो’ म्हटलं तरी कंपनीला नाही म्हणावं लागू शकतं.

परतीचं विमान किती वाजताचं घ्यावं?

जहाज पहाटे लागतं, उतरणं सकाळभर चालतं. दुपारी एकच्या आधीचं विमान घेऊ नका. विमानतळ दूर असेल तर दुपारी तीन किंवा चारचं. धुकं पडलं तर बंदर काही तास बंदही राहतं.

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीच खाली जातात आणि सकाळी धक्क्यावरच परत भेटतात. आवरण्याच्या गडबडीत सकाळच्या गोळ्या, चष्मा, कानाच्या यंत्राचे सेल, दातांची डबी असं सगळं आत भरलं जातं. एका आजींनी तर बूटही भरले होते आणि सकाळी सपाता घालून उतरल्या. सकाळसाठीची छोटी पिशवी आधी भरून पलंगावर ठेवा आणि मगच मोठी बॅग बंद करा.

व्हीलचेअर हवी आहे. विमानात सांगितलं म्हणजे जहाजावरही कळतं का?

कळत नाही. विमान कंपनी, क्रूझ कंपनी आणि विमानतळ ते बंदर नेणारी गाडी, तिघांना वेगवेगळं सांगावं लागतं.

विमानासाठी किमान ४८ तास आधी कळवा. युरोपच्या नियमांत तशी मुदतच दिलेली आहे. मदतीचे तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. संकोचापोटी पहिला प्रकार सांगितला आणि विमान लांब उभं राहून शिडी लागली, की पंचाईत होते. खरं तेच सांगा.

स्वतःची व्हीलचेअर विमानात मोडली किंवा हरवली तर माँट्रिअल करारानुसार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा करार) ती बहुतेक ठिकाणी सामानात धरली जाते आणि भरपाईला मर्यादा असते. डिसेंबर २०२४ पासून ती प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. महागडी बॅटरीची खुर्ची त्यात बसत नाही. चेक-इन करताना तिची जास्त किंमत लेखी जाहीर करा किंवा खुर्चीचा वेगळा विमा घ्या. देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

जहाजावर एक गोष्ट विचाराच. कुठल्या बंदरांत जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकतं? तिथे छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात आणि लाटा असल्या की व्हीलचेअरच्या प्रवाशांना होडीत घेत नाहीत.

ऑक्सिजन किंवा सीपॅप लागत असेल तर?

स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात सहसा नेता येत नाही. हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं छोटं कॉन्सन्ट्रेटर यंत्र बहुतेक कंपन्या चालू देतात, पण मॉडेल आधी कळवावं लागतं आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरेल एवढी बॅटरी मागतात. सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच ठेवायचे, चेक-इन बॅगेत कधीही नाही. सेलची क्षमता १०० वॉट-तासांपर्यंत असेल तर सहसा अडचण नसते, १०० ते १६० मध्ये कंपनीची परवानगी लागते. सीपॅपसाठी शुद्ध केलेलं पाणी जहाजावर मागवता येतं, पण ते बुकिंगच्या वेळीच नोंदवा. आणि उतरताना पलंगामागचा प्लग बघा.

एवढ्या वयात लांबचं विमान तब्येतीला झेपतं का?

बहुतेकांना झेपतं. विमानातली हवा ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असते तेवढी विरळ असते. फुप्फुसाचा आजार, अ‍ॅनिमिया किंवा नुकताच झालेला हार्ट अ‍ॅटॅक असेल तर हा फरक जाणवतो. अशांनी डॉक्टरांशी बोलूनच तारीख ठरवावी. तब्येत अस्थिर असेल तर विमान कंपनी डॉक्टरांकडून भरून आणायचा फॉर्म देते.

चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या अभ्यासातही दिसलं आहे. कडेची सीट घ्या, दर तासाला उठा, पोटऱ्या हलवा, पाणी प्या. पूर्वी गुठळी झालेली असेल किंवा नुकतंच गुडघ्याचं वा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर दाब देणारे मोजे किंवा औषध लागेल का, ते डॉक्टरांना विचारा.

औषधं कशी न्यावी?

सगळी केबिन बॅगेत, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट आणि निदान एक आठवडा जास्तीची. इन्सुलिन चेक-इन बॅगेत ठेवलं तर गोठून निकामी होऊ शकतं. द्रव औषधांना १०० मिलिलिटरची मर्यादा सहसा लागत नाही, पण तपासणीच्या वेळी ती वेगळी काढून दाखवावी लागतात. औषधाचं मूळ नाव लिहून ठेवा, कारण तुमच्या गोळीचं दुकानातलं नाव दुसऱ्या देशात कुणाला कळणार नाही.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस ज्येष्ठांनी घ्यावी का?

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही बंदरांसाठी तिचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं. वयाच्या साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. तब्येतीमुळे लस देता येत नाही असं पत्र डॉक्टर देऊ शकतात. ते तुमच्या जहाजाला आणि वाटेतल्या देशांना चालेल का, हे क्रूझ कंपनीकडून आधीच लेखी घ्या.

विमान रद्द झालं आणि जहाज चुकलं, तर क्रूझचे पैसे विमान कंपनी देईल का?

बहुधा नाही. युरोपच्या नियमानुसार, चूक कंपनीची असेल तर अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात, जेवण आणि हॉटेलही मिळतं. पण ती भरपाई विमानाच्या उशिराची आहे. हवामान किंवा ज्वालामुखीसारखं कारण असेल तर ती रोख रक्कमही मिळत नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद होतं. अशा वेळी चुकलेल्या क्रूझच्या पैशांसाठी मुख्य आधार विम्याचाच.

किनाऱ्यावर फिरायला गेलो आणि जहाज निघून गेलं तर विमा देतो का?

स्वतः उशीर केला असेल तर सहसा नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर आठ प्रवासी खासगी सहलीहून उशिरा परतले आणि जहाज त्यांना न घेता निघालं. ते गाठण्यासाठी त्यांना कित्येक दिवस एका देशातून दुसऱ्या देशात धावावं लागलं. ज्येष्ठांनी लांबची सहल जहाजाकडूनच घ्यावी असं माझं मत आहे. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, कारण जहाजाची वेळ आणि गावाची वेळ वेगळी असू शकते. खाली उतरताना खिशात पासपोर्टची प्रत, एक दिवसाच्या गोळ्या, कार्ड आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर ठेवा. तो नंबर जहाजावर रोज वाटल्या जाणाऱ्या पत्रकात असतो.

क्लेमसाठी काय जपून ठेवायचं?

आधी फोन, मग खर्च. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली की विमा कंपनीच्या २४ तासांच्या हेल्पलाइनला लगेच कळवा. त्यांना न विचारता ठरवलेली एअर अँब्युलन्स बऱ्याचदा नाकारली जाते.

जहाजावरच्या दवाखान्याचं तपशीलवार बिल आणि डॉक्टरांचा रिपोर्ट उतरण्याआधीच घ्या, नंतर मिळवायला महिने जातात. केबिनमध्ये थांबायला सांगितलं किंवा बंदर रद्द झालं, तर तसं पत्र रिसेप्शनकडून लेखी घ्या. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. विमान लांबल्याचं कारण विमान कंपनीकडून लिहून घ्या, बोर्डिंग पास फेकू नका.

हेल्पलाइनला फोन कोण करणार, तेही घरातून निघण्याआधी ठरवा. जो आजारी पडतो तो करू शकत नाही आणि जोडीदाराचे हात कापत असतात. मी दोघांच्याही पाकिटात एकेक कागद ठेवायला सांगते, मोठ्या अक्षरात लिहिलेला. पॉलिसी क्रमांक, हेल्पलाइनचा नंबर देशाच्या कोडसकट, आजार, औषधं, रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि घरी असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर. तोच कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि त्या मुलालाही पाठवा, म्हणजे रात्री दोन वाजता फोन आला तर त्याला पॉलिसी शोधत बसावं लागणार नाही.